खाडीच्या धक्क्यावरची जखम आणि मी न विचारलेला प्रश्न

गेल्या महिन्यात दापोलीला एका लग्नाला गेले होते. तिथून मामांकडे जायचं होतं. मामांचं गाव वाशिष्ठीच्या खाडीवर, गुहागरच्या बाजूला. दापोलीहून चिपळूणमार्गे गेलं तर अर्धा दिवस मोडतो, म्हणून दाभोळला येऊन फेरीबोटीने धोपाव्याला उतरले. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा प्रवास केला असेल. गाडी बोटीवर चढते, पुढची लोखंडी फळी वर उचलली जाते आणि तिकिटाचे सुटे पैसे हातात येईपर्यंत पलीकडचा काठ जवळ आलेला असतो.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही पोहोचलो तेव्हा खाडी तुडुंब होती. बोटीची फळी धक्क्याच्या उतारावर अगदी वरच्या बाजूला टेकली. पायाखाली कोरडं, खरबरीत काँक्रीट. पांढरी साडी नेसलेल्या एक आजी चप्पल हातात घेऊन अनवाणी उतरल्या. मी त्यांच्या पायांकडे बघत राहिले. ही सवय मला पावणेदोन वर्षांपूर्वी लागली. तिचं कारण आज सांगायचं आहे.

या ब्लॉगवर मी मधुमेहातल्या पायांबद्दल आधी लिहिलं आहे. तेव्हा लिहिलेलं सगळं बरोबरच होतं, पण त्यात एक गोष्ट राहून गेली होती. ती मला पुस्तकातून ठाऊक होती. तरी ज्या रात्री ती आठवायला हवी होती, त्या रात्री आठवली नाही.

आधी धक्क्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

खाडी म्हणजे नदीच, पण समुद्राच्या मुठीत असलेली. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून येते, कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणीही तिलाच मिळतं. समुद्राची भरती या पात्रात आत शिरते ती थेट चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत. दिवसातून दोनदा पाणी चढतं आणि दोनदा उतरतं. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण साडेबारा तास जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. कोकणात कुणी घड्याळ बघून हे सांगत नाही. तिथी विचारतात आणि तिची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाला. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण गावाचं काम भागतं. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. तेव्हा पाणी जास्त वर चढतं आणि तितकंच जास्त खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे चढउतार कमी.

मामांच्या गावचा धक्का छोटा आहे. फेरीबोट तिथे लागत नाही. मासेमारीच्या होड्या आणि वाळवणं, एवढाच त्याचा उपयोग. पायऱ्या नाहीत. काँक्रीटचा उतार आहे, सरकारी फलकावर त्याला रॅम्प म्हटलेलं असतं. दर आठ फुटांना एक फूट, असा तो खाली जातो. उधाणाला तिथे पाणी सात फुटांनी चढउतार करतं असं धरलं, तर उताराचा जवळजवळ पंचावन्न फुटांचा पट्टा दिवसातून दोनदा बुडतो आणि दोनदा उघडा पडतो. हे गणित मी नंतर केलं. आधी कधी करावंसंच वाटलं नव्हतं. लहानपणापासून मी त्या उतारावर धावले आहे.

मामांकडे गणपती दहा दिवसांचा. विसर्जन अनंत चतुर्दशीला. आता तिथीचा हिशेब तुम्हीच करा. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे भरती सकाळी साडेदहाला आणि रात्री साडेदहाला, आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी साडेचार-पाचला. त्यात दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, म्हणजे उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात खाली. आणि आपण आरती करून, शिदोरी बांधून, वाजतगाजत धक्क्यावर कधी पोहोचतो? संध्याकाळी पाचला.

दीड दिवसाच्या गणपतीचं असं होत नाही. पंचमीला दुपारी पावणेचारला भरती असते, चार-पाच वाजता पाणी बरंच वर असतं, कोरड्या काँक्रीटवरून दोन पावलं टाकली की विसर्जन होतं. दहा दिवसांच्या गणपतीला मात्र मूर्ती डोक्यावर घेऊन सगळा उतार अनवाणी उतरावा लागतो. खालच्या अर्ध्या भागात शेवाळ आणि त्याच्याही खाली काँक्रीटच्या कडांना धरलेली कालवं. कालवांच्या शिंपल्यांची धार ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. ब्लेड बरं.

मामा तेव्हा बहात्तर वर्षांचे होते. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, मधुमेह अठरा वर्षांचा. त्याआधीच्या दिवाळीत मीच त्यांच्या तळव्यांना तो नायलॉनचा जाड धागा टेकवून बघितला होता. दहापैकी सात ठिकाणी त्यांना काही कळलं नव्हतं. मी त्यांना पाय रोज बघायला सांगितलं होतं, घरातसुद्धा चप्पल घालायला सांगितलं होतं. ते घालायचेही. पण गणपतीसमोर चप्पल घालून कोण जाईल?

विसर्जन करून सगळे घरी आले. मामांना काही जाणवलं नाही. मामींना पडवीतल्या लादीवर लाल ठसे दिसले. एकाच पायाचे. डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला इंचभर चीर होती, फार खोल नाही. मामींनी ती तांब्यातल्या पाण्याने धुतली, हळद दाबली आणि फडकं बांधलं. रात्री नऊला मला फोन आला.

मी काय विचारलं ते सगळं आठवतं. किती खोल आहे? रक्त थांबलं का? आज साखर किती होती? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं? हळद काढून जखम स्वच्छ धुवायला सांगितलं, पोव्हिडोन आयोडीन लावायला सांगितलं. घरात मामेभावाने दाताच्या दुखण्यासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हच्या गोळ्या होत्या, त्या सुरू करायला सांगितल्या. सकाळी फोटो पाठवा म्हटलं. मधुमेही माणसाच्या पायाला साधी चीर पडल्यावर एखादा चांगला डॉक्टर जे सांगेल, ते सगळं मी सांगितलं.

ती चीर कुठे पडली, हे विचारलं नाही. घरात काच लागली असेल, अंगणात खडा लागला असेल, असं डोक्यात कुठेतरी धरून चालले असणार. मामीही बोलल्या नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने धक्का काय नि अंगण काय.

पहाटे पाचला मामेभावाचा फोन आला. रात्री तीनपासून मामांना हुडहुडी भरून ताप आला होता आणि पोटरी ठणकत होती. पाऊल बधिर, पण पोटरी नाही. ज्या माणसाला पाय कापलेला कळत नाही तो दुखण्याने कण्हत होता, यावरूनच मला कळायला हवं होतं. मग फोटो आला. घोट्यापर्यंत सूज, कातडी जांभळट, आणि जखमेपासून चार बोटं वर दोन फोड, आत काळपट लाल पाणी.

तेव्हा मी विचारलं, "कुठे लागलं त्यांना?"

"धक्क्यावर. काल विसर्जनाला."

आता जे लिहिते ते तुम्ही शांतपणे वाचा आणि लक्षात ठेवा.

समुद्राच्या आणि विशेषतः खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ या कुळातले जंतू राहतात. कॉलऱ्याचा जंतू याच कुळातला, त्यामुळे नाव ओळखीचं वाटेल. त्यातला एक, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, जखमेतून शरीरात शिरतो. तो घाणीमुळे येत नाही. गटाराचं पाणी मिसळलेलं नसलं, खाडी आरशासारखी स्वच्छ दिसत असली, तरी तो तिथे असतो, कारण ते त्याचं घरच आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेलं की तो वाढतो आणि कोकणातल्या खाडीचं पाणी बाराही महिने त्याहून गरम असतं. निव्वळ खारं पाणी त्याला तितकंसं मानवत नाही, निव्वळ गोडंही नाही. पावसाळ्याच्या शेवटी डोंगरातलं पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळून जे तयार होतं, ते त्याला आवडतं. म्हणजे भाद्रपदातली खाडी. पाण्यातल्या कालवांमध्येही हा जंतू असतो. अमेरिकेत लोक कालवं कच्ची खातात आणि त्यातून आजारी पडतात. आपण ती शिजवून खातो, त्यामुळे तो मार्ग आपल्याकडे जवळजवळ बंद आहे. पायाचा मार्ग उघडाच आहे.

धडधाकट माणसाला यातून बहुतेक वेळा काहीच होत नाही. खाडीवर रोज कालवं काढणाऱ्या बायकांचे हातपाय कायम कापलेले असतात आणि त्या दुसऱ्या दिवशी परत जातात. हे मुद्दाम सांगते, नाहीतर हा लेख वाचून तुम्ही नातवंडांना पाण्यात पाय घालू देणार नाही. हा आजार विरळा आहे. पण काही माणसांसाठी तो अतिशय वाईट आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेच्या माहितीनुसार या जंतूची लागण झालेल्यांपैकी सुमारे पाचातला एक दगावतो, काही तर आजारी पडल्यापासून एक-दोन दिवसांतच.

ती माणसं कोण? पहिली यकृताच्या जुनाट आजाराची. सिरॉसिस, जुनी कावीळ ब किंवा क, वर्षानुवर्षांची दारू. या जंतूला वाढायला लोह लागतं. निरोगी शरीर रक्तातलं लोह प्रथिनांमध्ये बांधून ठेवतं, जंतूच्या हाती लागू देत नाही. यकृत बिघडलं की हा बंदोबस्त ढिला पडतो. वारंवार रक्त चढवाव्या लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अंगात लोह साचतं, तेही याच गटात. मग मधुमेही, मूत्रपिंडाच्या जुन्या आजाराचे, कर्करोगाची औषधं किंवा बराच काळ स्टेरॉइड घेणारे. मधुमेह्याचं दुखणं दुहेरी आहे. पांढऱ्या पेशी मंदावलेल्या असतात, बोटांपर्यंत रक्त नीट जात नाही, आणि त्यात जखम झालेलीच कळत नाही. मामांच्या पायात ती चीर घेऊन ते निम्मा उतार आणि घरापर्यंतचा रस्ता चालले होते.

या जंतूचा वेग हा खरा प्रश्न आहे. साध्या जखमेत पू व्हायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे आपण "उद्या बघू" म्हणतो. इथे चोवीस तासांत, कधी त्याच्याही आत, संसर्ग कातडीखालच्या थरात पसरतो आणि तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडायला लागतात. वरून जखम लहानच दिसते. दुखणं मात्र जखमेच्या मानाने फार जास्त असतं. मग लाली, सूज, जांभळे डाग, रक्ताळ पाण्याचे फोड, थंडी वाजून ताप, रक्तदाब उतरणं. आणि साध्या त्वचासंसर्गाला आपण ज्या गोळ्या देतो त्यांच्यावर इथे विसंबता येत नाही. यासाठी वेगळी प्रतिजैविकं शिरेतून आणि तोंडावाटे एकत्र द्यावी लागतात, आणि सडलेला भाग शस्त्रक्रियेने ताबडतोब काढावा लागतो. म्हणजे मी दिलेल्या गोळ्यांनी मामांचे आठ तास गेले. त्या गोळ्या सुरू आहेत म्हणून आम्ही सगळे निश्चिंत झोपलो होतो.

गावाहून चिपळूण गाठायला दीड तास लागला. तोवर मी तिथल्या सर्जनना फोन करून सांगितलं होतं की खाडीच्या पाण्यातली जखम आहे, मधुमेह आहे, फोड आले आहेत. त्यांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. म्हणाले, "ऑपरेशन थिएटर तयार ठेवतो." त्या सकाळी पाय उघडला गेला, संध्याकाळी मामांना मोठ्या रुग्णालयात हलवलं, दुसऱ्या दिवशी परत शस्त्रक्रिया. जखमेतल्या द्रवाच्या तपासणीत तोच जंतू निघाला. पाचव्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मामा वाचले.

मी त्या पाच दिवसांत किती वेळा हिशेब केला असेल! रात्री नऊला "खाडीत लागलं" हे कळलं असतं तर त्यांना रात्रीच गाडीत घातलं असतं. त्याने पाय वाचला असता का? कदाचित. मी माझ्या रुग्णांना अशा "कदाचित"वर उत्तर देत नाही, स्वतःलाही देऊ नये. पण प्रश्न विचारायला चार शब्द लागतात. जखम कुठल्या पाण्यात झाली? आता माझ्या दवाखान्यात पायाला काहीही लागून आलेल्या माणसाला हे विचारल्याशिवाय मी ड्रेसिंगला हात लावत नाही. आमच्या शहरात समुद्र नाही, तरी विचारते. सोमवारी सकाळी येणारी जखम शनिवारी गुहागरला किंवा हरिहरेश्वरला झालेली असू शकते.

तुमचा डॉक्टर विचारेलच असं नाही. म्हणून तुम्ही सांगा. "डॉक्टर, हे खाडीच्या पाण्यात लागलंय आणि मला मधुमेह आहे." एवढं वाक्य पुरतं. समुद्राचं असेल तर समुद्राचं म्हणा. मासा साफ करताना काटा टोचला असेल तर तेही सांगा, कारण जंतू मासळीबरोबर स्वयंपाकघरापर्यंत येतो.

जखम झाली की लगेच काय करायचं, हे फार सोपं आहे आणि तरी बहुतेक लोक करत नाहीत. पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार धरा आणि साबणाने पाच-दहा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. खाडीच्याच पाण्यात पाय बुचकळून "धुतला" म्हणू नका. खारं पाणी जखमेला चांगलं, हा समज मी किनाऱ्यावर किती वेळा ऐकला आहे! शिंपल्याची कपची आत राहिली आहे का बघा. हळद, चुना, तंबाखू, चहाची पूड यातलं काहीही नको. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. आणि वर सांगितलेल्या गटात तुम्ही असाल तर जखम कितीही लहान असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. गटात नसाल तर लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल, किंवा दुखणं जखमेच्या मानाने जास्त असेल, ताप असेल, फोड असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. आधीच अंगावर उघडी जखम असेल तर खाडीत उतरायचंच नाही. वॉटरप्रूफ पट्टीवर माझा फारसा विश्वास नाही.

धक्क्यावर आणखीही काही घडतं. पाकट माशाचा काटा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर वेदना भयंकर होतात. २०१३ साली गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला पाकटांनी कित्येक भाविकांना दंश केले होते, ते तुम्हाला आठवत असेल. या काट्यातलं विष उष्णतेने निकामी होतं, म्हणून पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. मात्र पाणी सोसवतं का हे मधुमेह्याने स्वतःच्या पायाने ठरवायचं नाही, दुसऱ्याने हात घालून बघायचं. गरम पाण्याने भाजलेले तळवे मी पाहिले आहेत. आणि वेदना थांबली तरी जखम खाडीचीच असते, तेव्हा वरचं सगळं लागू.

आणि घसरणं. मनगट आणि खुबा, ही धक्क्यावरची नेहमीची मोडतोड. मामांच्या गावचे भंडारी आणि दालदी लोक त्या उतारावरून टोपल्या घेऊन जातात, त्यांच्याकडे नीट बघा. ते सरळ खाली कधीच उतरत नाहीत. शरीर थोडं तिरकं, गुडघे वाकवलेले, टाच आधी टेकवत नाहीत, अख्खं पाऊल एकदम ठेवतात. शहरातला माणूस टाच टेकवतो आणि तिथेच जातो.

परत गेल्या महिन्याकडे येते. दुपारी जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, "बाय, चल धक्क्यावर." त्यांचा कृत्रिम पाय आता सवयीचा झाला आहे, काठी बरोबर ठेवतात पण टेकत नाहीत. त्या घटनेनंतर ते धक्क्यावर गेले नव्हते, असं मामी मला हळूच म्हणाल्या. त्रयोदशी होती. चार वाजता पाणी पार खाली गेलेलं, तिवरांची मुळं उघडी, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मामा वरच्या कठड्यावर बसले. मी म्हटलं मी खाली जाऊन येते. पायात मागून पट्टा असलेल्या रबरी सँडल होत्या. हवाई चप्पल अशा ठिकाणी नसल्यात जमा, शेवाळावर ती आधी जाते आणि मागून आपण.

पट्टे स्पष्ट दिसत होते. वर राखाडी, कोरडं. मग हातभर रुंदीची काळसर पट्टी. ही सगळ्यात फसवी, कारण ती वाळल्यासारखी दिसते, पण ते वाळलेलं शेवाळच असतं आणि ओल्या पायाखाली लगेच बुळबुळीत होतं. मग हिरवा पट्टा, चकचकीत. त्याखाली तपकिरी लव. आणि शेवटी, शेवटच्या दहा-बारा फुटांत, कडांना कालवांची रांग, एकावर एक चढलेली, मोडलेल्या शिंपल्यांच्या कडा वर. अनंत चतुर्दशीला इथेच सगळे उभे होते, मूर्ती सांभाळत, पायाखाली न बघता.

वर आले तेव्हा मी मामांना सांगितलं. आजवर सांगितलं नव्हतं. म्हटलं, "मामा, त्या रात्री मी तुम्हाला कुठे लागलं ते विचारलंच नाही. मी विचारायला हवं होतं."

त्यांनी थोडा वेळ पाण्याकडे बघितलं. "मला विचारलं असतंस तर मी घरात लागलं म्हणूनच सांगितलं असतं," ते म्हणाले. "मला तरी कुठे ठाऊक होतं? रक्त घरात दिसलं ना."

हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. बधिर पायाचा माणूस जखम कुठे झाली हे सांगूच शकत नाही. तो ती कुठे दिसली हे सांगतो. म्हणजे माझा चार शब्दांचा प्रश्नही पुरला नसता. विचारायला हवं होतं ते असं, की आज दिवसभर हा पाय कुठे कुठे गेला होता? तेव्हा वर जे लिहिलं आहे त्यात ही दुरुस्ती करून वाचा. घरातल्या मधुमेही माणसाच्या पायाला जखम दिसली तर त्यांच्या आठवणीवर जाऊ नका, त्यांचा दिवस विचारा.

मग आम्ही यंदाच्या विसर्जनाबद्दल बोललो. रात्री दहाच्या भरतीला गणपती नेला तर पाणी वरच असेल, असं मी म्हटलं. मामा म्हणाले, "नि दिवा कुठे आहे धक्क्यावर? काळोखात चार जणांचे पाय मोडतील." ते खरंच आहे. मूर्ती घेऊन खाली उतरणाऱ्या चौघांनी मासेमारी करतात तसे रबरी बूट घालावेत, बाकीच्यांनी वरच थांबावं, यावर त्यांची तयारी आहे. "गणपतीची हरकत नाही," ते म्हणाले, "तुझ्या मामीची आहे. तिचं तू बघ." मामींशी मी अजून बोललेले नाही. श्रावणात जाणार आहे तेव्हा बोलेन.

उठताना मामांनी माझ्या सँडलकडे काठी केली. पट्ट्याखाली चिखल शिरला होता.

"पाय दाखव," ते म्हणाले.

मी कठड्याला धरून एकेक सँडल काढली आणि तळवे दाखवले. त्यांनी चष्मा खाली ओढून दोन्ही नीट बघितले, बोटांच्या मधल्या जागासुद्धा. मग पिशवीतून पिण्याच्या पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे केली. "सगळी संपव," म्हणाले.